हत्तीरोगाच्या गोळीचा कर्ता : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

भगिनींनो, यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, अशी गळ आपल्या चिटणीसबाईंनी मला घातली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याचा सराव म्हणाल तर वाण्याची यादी आणि माहेरची पत्रे, एवढाच. पण नाही म्हणणे जिवावर आले. जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्यावर आपल्या मंडळात दरवर्षी कोणी ना कोणी चांगले लिहितेच. म्हणून मी असा एक माणूस निवडला की, ज्याच्या हातचे औषध आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरात आलेले आहे, पण ज्याचे नाव आपल्या आळीत विचारले तर दहांत एकीलाही सांगता येणार नाही. पद्मानगरातल्या आपल्या तेलुगू शेजारणींना मात्र ते नाव परके वाटणार नाही, कारण हा त्यांच्याच भाषेचा माणूस. माझी मुलगी औषधशास्त्राचा अभ्यास करते. तिच्याजवळ बसून, तिला पुन्हा पुन्हा विचारून मी ही माहिती जमवली आहे.

आपल्या त्र्यंबकेश्वराला उगम पावलेली गोदावरी महाराष्ट्र ओलांडून आंध्रात जाते आणि पुढे समुद्राला मिळते. त्या मुखाजवळच्या सुपीक, पाणथळ मुलखात भीमावरम म्हणून गाव आहे. तिथे १२ जानेवारी १८९५ रोजी सुब्बारावांचा जन्म झाला. वडील जगन्नाथम हे महसूल खात्यात नोकरीला होते. आई वेंकम्मा. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची. वडिलांची नोकरी प्रकृतीमुळे लवकर सुटली आणि सगळा भार आईवर आला.

थोर माणसांच्या चरित्रात लहानपणापासूनच त्यांची बुद्धी चमकत असल्याचे लिहिलेले असते. इथे तसे काही नाही. अभ्यासात या मुलाचे मन नव्हते. तेरा वर्षांचा असताना काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकावीत आणि खूप पैसा मिळवावा, असे मनात घेऊन स्वारी घरातून निघाली. वेंकम्मांनी त्याला परत आणले आणि पुन्हा शाळेत घातले. पुढे मॅट्रिकच्या परीक्षेत तो एकदा नापास झाला, दुसऱ्यांदा नापास झाला आणि मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून तिसऱ्या खेपेला पास झाला. ज्यांची मुले यंदा दहावीला अडकली असतील त्यांनी एवढा मजकूर मुलांना जरूर वाचून दाखवावा.

मद्रासला कॉलेजात असताना सुब्बारावांच्या मनाने संन्यासाची ओढ घेतली. रामकृष्ण मठात जाऊन राहावे, असे त्यांना वाटू लागले. मठाच्या लोकांनी आईची परवानगी आणावयास सांगितले. वेंकम्मांनी साफ नकार दिला. कमावता होऊ घातलेला मुलगा भगवी वस्त्रे नेसून निघून गेला तर त्या माउलीने कोणाकडे पाहावे? तेव्हा लोकांची सेवाच करावयाची तर डॉक्टर होऊन करावी, असे ठरून ते मद्रासच्या मेडिकल कॉलेजात गेले. खर्चाला घरातून पैसा नव्हता. काही मित्रांनी मदत केली आणि कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती या गृहस्थांनी आधार दिला. त्यांचीच मुलगी शेषगिरी हिच्याशी १९१९ साली सुब्बारावांचे लग्न झाले.

ते दिवस गांधीजींच्या चळवळीचे होते. विलायती कपडा टाकून खादी वापरावी, असे गांधीजी सांगत होते. सुब्बारावांनी शस्त्रक्रियेच्या वेळी घालावयाचा झगासुद्धा खादीचा करून घेतला. ब्रॅडफील्ड नावाचे इंग्रज प्राध्यापक शस्त्रक्रिया शिकवीत असत, त्यांना हे खपले नाही. लेखी परीक्षेत सुब्बाराव चांगले उतरले होते, तरी त्यांना पुरी एम. बी. बी. एस. पदवी न मिळता एल. एम. एस. ही खालची पदवी मिळाली. आपल्या भिवंडीत घरोघरी सूत आणि माग. कपड्यापायी एखाद्याची पदवी जावी, हे ऐकून आपल्या लोकांना नवल वाटेल. पण त्या काळी कपडा ही केवळ अंग झाकण्याची वस्तू राहिलेली नव्हती.

या पदवीवर सरकारी वैद्यकीय नोकरी काही मिळाली नाही. त्याच सुमाराच्या वर्षांत त्यांच्या घरावर मोठा घाला आला. त्यांचे दोन भाऊ संग्रहणीने गेले, तेही थोड्याच दिवसांच्या अंतराने. पोट सतत बिघडलेले, अन्न अंगी लागत नाही, रक्त आटत जाते आणि माणूस वाळून जातो, असा तो आजार. घरात शिकलेला डॉक्टर आहे आणि त्याच्या हातात औषध नाही! पुढे सुब्बारावांनाही त्याच आजाराने धरले. डॉ. अचंत लक्ष्मीपती या वैद्यांच्या उपचाराने ते त्यातून उठले. त्यानंतर मद्रासच्या आयुर्वेदिक कॉलेजात ते शरीररचना शिकवू लागले. परंतु मनात एकच घोळत होते : या रोगांवर नेमके औषध का नाही आणि ते शोधावयाचे कोठे?

शोधाची विद्या शिकावयाची तर अमेरिकेला गेले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. काकिनाड्याच्या मल्लाडी सत्यलिंगम नायकर धर्मादाय संस्थेने आणि सासऱ्यांनी पैशाची मदत केली. १९२२ च्या ऑक्टोबरात सुब्बाराव बोस्टन शहरी पोचले. त्या वेळी शेषगिरीबाईंना दिवस गेलेले होते.

बोस्टनला हार्वर्ड विद्यापीठात उष्ण देशांतल्या रोगांची शाळा होती, तिथे ते शिकू लागले. पण खावयाचे काय? तिथल्या इस्पितळात डॉक्टर म्हणून काम करण्याचा परवाना त्यांना नव्हता. म्हणून रात्रपाळीला रोग्यांची मलमूत्राची भांडी उचलण्याचे आणि धुण्याचे काम त्यांनी धरले. दिवसा वर्ग आणि रात्री ही चाकरी. आंध्रातल्या ब्राह्मणाच्या घरातला, डॉक्टरीची परीक्षा दिलेला हा माणूस. त्यांनी त्या कामाची लाज धरली नाही. आपल्याकडे घरच्या म्हाताऱ्या माणसाचे भांडे उचलावयाचे म्हटले की तो मान सुनेचाच असतो. म्हणून ही हकीकत ऐकताना मला फार बरे वाटले, हे कबूल करते.

पुढचे शास्त्र मला जेवढे कळले तेवढेच सांगते. ते फोलिन नावाच्या प्राध्यापकांच्या हाताखाली शरीरातील रसायनांचा अभ्यास करू लागले. तिथे फिस्के या सहकाऱ्याबरोबर त्यांनी रक्तातील आणि लघवीतील फॉस्फरस मोजण्याची सोपी रीत १९२५ साली काढली. ती जगभरच्या प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. पुढच्या तीन-चार वर्षांत त्यांनी आणखी मोठी गोष्ट दाखवली. आपण जात्याचा खुंटा ओढतो, पाण्याची कळशी उचलतो, त्यासाठी स्नायूंना लागणारी शक्ती शरीरात कोणत्या द्रव्यात साठवलेली असते, ते त्यांच्या कामातून उमगले. आज अकरावी-बारावीची मुले 'एटीपी' म्हणून पाठ करतात तेच हे. १९३० साली त्यांना पीएच. डी. मिळाली. मात्र हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. अशा कामाचे श्रेय पुष्कळदा वरच्या माणसाच्या पदरात पडते आणि सुब्बारावांचा स्वभाव हक्काने मागून घेण्याचा नव्हता.

आता भगिनींनो, माझ्याप्रमाणे तुमच्याही मनात आले असेल की, इकडे शेषगिरीबाईंचे काय झाले?

त्यांना मुलगा झाला. तो वर्षाचाही न होता तान्हेपणीच गेला. बापाने त्याचे तोंड पाहिले नाही. थोड्या वर्षांत परत येतो, असे सांगून गेलेला नवरा परत आला नाही. एक शोध संपावा, तर त्यातून दुसरा निघे. पैशाची ओढ होती, मग महायुद्ध आले, आणि पाहता पाहता सव्वीस वर्षे झाली. सुब्बारावांनी दुसरे लग्न केले नाही. पण त्यामुळे हिचा संसार काही झाला नाही. वेंकम्मांनी मुलाला मठात जाऊ दिले नाही, त्याचे लग्न लावून दिले, की मुलगा आपल्यात राहावा. आणि तो प्रयोगशाळेत गेला तो कायमचाच. संन्याशाच्या आईबायकोच्या वाट्याला जे येते तेच या दोघींच्या वाट्याला आले. सुब्बारावांचा मोठेपणा मला मान्य आहे, आणि तरीही या एका गोष्टीबद्दल माझ्या मनातली अढी जात नाही. चरित्रे लिहिणारे ही हकीकत दोन ओळींत उरकतात. ती एवढ्यात उरकण्यासारखी आहे, असे मला वाटत नाही.

असो. १९४० साली सुब्बाराव हार्वर्ड सोडून न्यूयॉर्कजवळ पर्ल रिव्हर या गावी लेडर्ली नावाच्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि दोन वर्षांत तिथल्या सर्व संशोधनाचे मुख्य झाले. यापुढची आठ वर्षे म्हणजे त्यांच्या आयुष्याचे खरे पीक. ज्या संग्रहणीने भाऊ नेले, तिच्यावर आणि रक्तक्षयावर गुणकारी असे काहीतरी प्राण्याच्या यकृतात असते, हे डॉक्टरांना माहीत होते. ते नेमके द्रव्य ओळखून १९४५ साली त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. ते म्हणजे फॉलिक ॲसिड. गरोदरपणी आपल्या सुनालेकींना लोहाबरोबर जी गोळी देतात, तिच्यात हेच असते. भावांना जाऊन तेव्हा वीस वर्षांवर काळ लोटला होता.

त्याच फॉलिक ॲसिडच्या रचनेत थोडा फेरफार करून त्यांनी उलट गुणाची औषधे बनवली. ती बोस्टनच्या डॉ. फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिली आणि १९४८ साली प्रथमच त्या रोगाला काही काळ का होईना मागे हटलेले जगाने पाहिले. त्याच जातीचे एक औषध आज कर्करोगावर आणि संधिवातावरही देतात. सत्तरी ओलांडलेल्या डग्गर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना त्यांच्या प्रयोगशाळेत काम मिळाले होते. त्या म्हाताऱ्यांनी मातीतल्या बुरशीसारख्या जंतूपासून ऑरिओमायसिन हे औषध शोधून काढले. टेट्रासायक्लिन या नावाच्या औषधांच्या घराण्यातले ते पहिले.

पण मी लेखणी उचलली ती हत्तीरोगाच्या गोळीसाठी, तेव्हा तिकडे वळते.

हत्तीपाय आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. आमच्या घरी माझ्या सासऱ्यांच्या एक बहीण होत्या. सगळे त्यांना आत्याबाई म्हणत. त्यांचा उजवा पाय गुडघ्यापासून खाली खांबासारखा झाला होता. कातडी जाड, खरखरीत, बोटांच्या बेचक्यांत चिघळलेली. वहाण पायात जात नसे. लग्नकार्यात त्या मागच्या दाराशी, धान्याच्या पोत्यांजवळ बसत आणि नऊवारीचा ओचा पायावर ओढून घेत. महिन्या-दोन महिन्यांनी थंडी वाजून ताप भरे, जांघेत गाठ येई आणि प्रत्येक तापानंतर पाय थोडा आणखी जड होई. कोणी म्हणे, पूर्वजन्मीचे पाप. कोणी म्हणे, काहीतरी ओलांडले असेल. डास चावण्याशी त्याचा संबंध आहे, असे त्या घरात कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

खरा प्रकार असा आहे. या रोगाचे मूळ म्हणजे एक बारीक कृमी, शिवणाच्या दोऱ्यासारखा. मादी असली तर आठ-दहा सेंटिमीटर लांब. आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणे रस वाहून नेणाऱ्या दुसऱ्या बारीक नळ्या असतात. त्यांत हे कृमी वर्षानुवर्षे घर करून राहतात. त्यामुळे नळ्या बिघडतात, रस साचतो आणि पाय, हात, कधी स्तनसुद्धा सुजतात. पुरुषांना अंडवृद्धी होते आणि ते लाजेने सांगत नाहीत. कृमीची लाखो पिले रक्तात फिरतात, पण बहुतकरून रात्रीच, मध्यरात्रीच्या सुमारास. म्हणूनच तपासणीचे रक्त रात्री घेतात. डासाने त्या रक्ताचा घोट घेतला की पिले त्याच्या पोटात जातात, दहा-पंधरा दिवसांत तिथे वाढतात आणि डास दुसऱ्याला चावला की त्याच्या अंगात शिरतात. माणसाच्या रक्तातली ही पिले १८७२ साली कलकत्त्याला लुईस या डॉक्टरांनी पाहिली आणि ती डासात वाढतात हे १८७७ साली चीनमध्ये मॅन्सन या डॉक्टरांनी दाखवले. हा डास घाण पाण्यात, तुंबलेल्या गटारात, उघड्या शोषखड्ड्यात वाढतो. कामवारी नदीच्या काठाने आणि मागांच्या कारखान्यांच्या गल्ल्यांतून चालणाऱ्यांना त्याचा पत्ता वेगळा सांगावयास नको.

कारण समजले, तरी पुढे सत्तर वर्षे औषध नव्हते. सोमल आणि सुरमा यांच्या जातीच्या विषारी द्रव्यांची इंजेक्शने करून पाहत. त्यांत रोग्याचे हालच अधिक होत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे हजारो सैनिक पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर गेले. तिथे त्यांना याच कृमींनी गाठले, हातपाय सुजले, आणि सैन्यात मोठी घबराट उडाली. गरिबांच्या देशात शेकडो वर्षे चाललेला रोग गोऱ्या शिपायांना झाला, तेव्हा औषधाच्या शोधाला पैसा आणि घाई दोन्ही मिळाली. जगाची रीतच ती.

सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने हे काम अंगावर घेतले. माणसाचा कृमी उंदरात वाढत नाही, मग औषध पारखावयाचे कशावर? अमेरिकेत कापसाच्या रानात राहणारी उंदरांची एक जात आहे. तिच्या छातीच्या पोकळीत याच कुळातला दुसरा एक कृमी निसर्गतःच असतो. हेविट नावाच्या सहकाऱ्याने आणि त्याच्या मंडळींनी असे उंदीर आणून एकामागून एक रसायने त्यांना द्यावी आणि रक्तातली पिले कमी झाली का ते मोजावे, असा क्रम धरला. (सुताचे गाव म्हणून कापसाच्या उंदराचे मला उगीच कौतुक वाटले.) शेवटी पिपरेझिन या द्रव्यापासून बनवलेले एक रसायन उतरले. हे पिपरेझिन फार पूर्वी संधिवातावर वापरून पाहिले होते आणि तिथे ते निरुपयोगी ठरले होते. उंदरांच्या रक्तातली पिले झपाट्याने नाहीशी झाली. मग कुत्र्यांवर पाहिले. १९४७ साली पोर्टो रिको बेटावरच्या रोग्यांना दिले, तर त्यांच्याही रक्तात तोच गुण आला. इंजेक्शन नको, तोंडाने घेता येते, किंमतही थोडी. कंपनीने त्याला हेट्राझान नाव दिले. लांबलचक शास्त्रीय नाव डायइथाइलकार्बामाझिन आणि त्यावरून आपल्याकडे आरोग्य खात्यात म्हणतात डीईसी.

हे औषध मोठे चमत्कारिक आहे. काचेच्या बशीत कृमीची पिले ठेवून त्यांवर हे टाकले, तर ती मजेत वळवळत राहतात. माणसाच्या अंगात गेले की मात्र पिले मरतात. ते स्वतः मारत नाही, आपल्याच रक्तातल्या रक्षक पेशींच्या ते हवाली करते, असे माझ्या मुलीने मला समजावले. आणि यातूनच आपल्याकडची सगळी तक्रार निघते. गोळी घेतल्यावर कोणाला ताप येतो, कोणाचे डोके दुखते, मळमळते. मग गल्लीत बोभाटा होतो की, सरकारी गोळीने माणूस आजारी पडला. पुष्कळदा याचे कारण उलटेच असते. ज्याच्या रक्तात पिले जास्त, त्याला त्रास जास्त, कारण ती एकदम मरतात. एक-दोन दिवसांत हे थांबते. फार वाटल्यास दवाखान्यात दाखवावे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सुजून खांब झालेला पाय या गोळीने पूर्वीसारखा होत नाही. गोळी रक्तातली पिले मारते, मोठे कृमी काही अंशी मारते, पण बिघडलेल्या नळ्या दुरुस्त करीत नाही. म्हणून ज्याला सूज आहे त्यालाच द्यावी, हा हिशेब चुकतो. सूज यावयाच्या आधी कित्येक वर्षे माणूस धडधाकट दिसतो आणि त्याच्याच रक्तातून डास पिले उचलून शेजाऱ्याकडे नेतो. तेव्हा गावातल्या जवळजवळ सगळ्यांनी, रोग असो वा नसो, वर्षातून एकदा गोळी घेतली आणि असे काही वर्षे ओळीने केले, तर डासाला उचलावयास काही उरत नाही. चीनमध्ये तर हे औषध मिठात मिसळून लोकांच्या स्वयंपाकघरात पोचवले गेले आणि २००७ साली तो देश या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. आपल्या देशात हत्तीरोगाविरुद्धची सरकारी मोहीम १९५५ साली सुरू झाली, घरोघर सर्वांना गोळ्या देण्याचा वार्षिक क्रम २००४ पासून देशभर लागला, आणि २०१८ पासून काही जिल्ह्यांत तीन औषधे एकत्र देण्यात येऊ लागली. त्यांतली एक सुब्बारावांची, दुसरी जंतांसाठी मुलांना देतात ती चघळावयाची अल्बेंडाझोल आणि तिसरी आयव्हरमेक्टिन. विदर्भातल्या जिल्ह्यांबरोबर आपला ठाणे जिल्हा आणि त्यातून २०१४ साली वेगळा निघालेला पालघर ही नावेही महाराष्ट्रातल्या हत्तीरोगाच्या जिल्ह्यांच्या यादीत आलेली आहेत.

आशाताई दारात गोळ्या घेऊन येते, तेव्हा आपण त्या हसून घेतो आणि फडताळात ठेवून देतो. संध्याकाळी घेऊ, उद्या घेऊ, घरातल्यांना विचारून घेऊ. धनी मागावर, रात्रपाळीला. परगावचे मजूर खोलीला कुलूप लावून गेलेले. अशा रीतीने गल्लीतल्या दोन-तीन खोल्या जरी सुटल्या, तरी डासांना पुरतात. म्हणून गोळी समोरच गिळावी, असा ती आग्रह धरते. तिच्यावर रागावण्याचे कारण नाही.

ही गोळी निघाल्याच्या दुसऱ्या वर्षी, १९४८ च्या ऑगस्टमध्ये, सुब्बाराव रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. हृदय बंद पडले होते. वय त्रेपन्न. ऑरिओमायसिन नुकतेच जगापुढे आले होते, आणि आपला देश स्वतंत्र होऊन एक वर्षही पुरते झाले नव्हते. १९४६ साली अमेरिकेने हिंदी लोकांना आपले नागरिकत्व खुले केले होते, पण सुब्बारावांनी ते शेवटपर्यंत घेतले नाही. तेव्हा ते वारले ते हिंदी म्हणूनच. नोबेलसारखा मोठा मान त्यांना मिळाला नाही. त्यांच्या कामाच्या कागदांवर पुष्कळ ठिकाणी हाताखालच्या माणसांची नावे पुढे आणि त्यांचे मागे आहे. काही ठिकाणी ते मुळीच नाही. भारत सरकारने १९९५ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपालाचे तिकीट काढले. ते ज्या गोदावरीकाठी जन्मले तो मुलूखही हत्तीरोगाचाच. त्यांची गोळी तिथेही घरोघर वाटली गेली.

आता आपल्या भगिनींच्या उपयोगाचे तेवढे लिहून थांबते. गोळ्यांची संख्या वयाप्रमाणे आशाताई सांगते, तितक्याच घ्याव्यात. दोन वर्षांखालची मुले, गरोदर बाया आणि फार आजारी माणसे यांना त्या देत नाहीत. रिकाम्या पोटी घेऊ नयेत, काहीतरी खाऊन मग घ्याव्यात. ज्यांच्या घरी पाय सुजलेले माणूस आहे, त्यांनी तो पाय रोज साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवावा, बोटांच्या बेचक्या जुन्या मऊ धडप्याने कोरड्या कराव्यात, चीर पडली असेल तर मलम लावावे, आणि झोपताना पायाखाली उशी ठेवून तो उंच करावा. एवढ्याने थंडीतापाचे झटके पुष्कळ कमी होतात आणि पाय आणखी वाढावयाचा थांबतो. आमच्या आत्याबाईंच्या शेवटच्या चार वर्षांत माझ्या जावेने हे नेमाने केले. पाय होता तसाच राहिला, पण ताप फक्त दोनदा आला.